ना हरकत, पण सवड नाही

नोकरी सांभाळून पीएचडी करणाऱ्या शिक्षकाला सर्वांत जास्त वेळा ऐकावा लागणारा सल्ला म्हणजे ‘वेळेचं नियोजन करा.’ मुख्याध्यापक हेच सांगतात, मार्गदर्शक हेच सांगतात, मोबाईलवरचे प्रेरणादायी वक्ते हेच सांगतात. लग्नाच्या मंडपात भेटलेले, बारावीनंतर पुस्तकाला हात न लावलेले चाचाही हेच सांगतात. पहाटे तीनला उठा, फज्रच्या आधी दोन तास सहज मिळतात. रविवार आहे. मे महिना आहे. दिवाळीची सुट्टी आहे.

मला हा सल्ला मान्य नाही. मी अठरा वर्षं उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतेय. घर, शाळा, दोन मुलं आणि सासूबाईंची औषधं सांभाळून जी बाई वर्गात वेळेवर उभी राहते, तिला वेळेचं नियोजन शिकवायची गरज नसते. नियोजन करायला आधी वेळ हातात असावा लागतो. जो वेळ दुसऱ्यांनी आधीच वाटून घेतलाय, त्याचं नियोजन करा म्हणणं म्हणजे रिकाम्या डब्यातलं पीठ नीट मोजून वापरा म्हणण्यासारखं आहे.

आता कागद काय म्हणतो ते बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीने नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ पीएचडीची मुभा दिली आहे. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र लागतं. हे प्रमाणपत्र म्हणजे ‘आमची हरकत नाही’ एवढी एक ओळ नव्हे. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहून द्यायच्या असतात. उमेदवाराला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, ही पहिली. उमेदवाराच्या कामाचं स्वरूप असं आहे की त्याला संशोधनासाठी पुरेसा वेळ देता येतो, ही दुसरी. आणि गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळं केलं जाईल, ही तिसरी.

दुसरी ओळ पुन्हा वाचा. पुरेसा वेळ आहे, असं वरिष्ठ सही-शिक्क्यानिशी लिहून देतात. माझ्या माहितीतल्या एकाही शिक्षकाच्या बाबतीत ती सही करण्याआधी कुणी वेळापत्रक समोर ठेवून तास मोजलेले नाहीत. नमुना संगणकावर तयार असतो, नाव बदललं की झालं. मग त्याच हाताने त्याच शिक्षकाला मतदार यादीचं काम दिलं जातं, पोषण आहाराची नोंद दिली जाते, आधार जुळत नसलेल्या विद्यार्थ्यांची यादी दिली जाते, आणि ‘आजच्या आज, तातडीने’ असा शेरा मारलेली माहिती रात्री नऊ वाजता व्हॉट्सअॅप गटावर मागितली जाते. लिहून दिलेलं खरं मानायचं की दिलेलं काम?

कायदा काय म्हणतो हेही सांगते, कारण आपल्याकडे शिक्षकालाच कायदा माहीत नसतो, असं गृहीत धरून सगळं चालतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम २७ सांगतं की शिक्षकाला दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून कोणत्याही बिगरशैक्षणिक कामाला लावता येणार नाही. याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, आणि त्या ४५ तासांत पाठाच्या तयारीचे तासही आहेत. तयारीचे तास कायद्यात आहेत, माझ्या वेळापत्रकात नाहीत. रिकामी तासिका दिसली की तिथे रजेवरच्या शिक्षकाचा वर्ग येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर अध्यापनाशी थेट संबंध नसलेली कामं शिक्षकाला देऊ नयेत, असं म्हटलंच, शिवाय दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत आणि ते शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीच्या दिशेने असावेत, असंही म्हटलं. माझा अनुभव असा की मोबाईलवर चालू ठेवून भांडी घासता येतील अशा वेबिनारचं प्रमाणपत्र या तासांत धरलं जातं. किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क मी परीक्षा देऊन पूर्ण केलं, ते कुठल्या रकान्यात भरायचं हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

एक मोठा गैरसमज इथे दूर करायला हवा. लोकांना वाटतं, पीएचडी हा शिक्षकाचा खासगी छंद आहे, भरतकामासारखा. शाळेने त्यासाठी वेळ का द्यावा? माझा विषय उर्दू माध्यमातल्या मुलांचं मराठी लेखन हा आहे. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. आमची सहावीतली मुलगी ‘पुस्तक फाटली’ लिहिते, कारण तिच्या डोक्यात ‘किताब’ आहे आणि किताब स्त्रीलिंगी आहे. ‘झाड मोठा आहे’ लिहिणाऱ्याच्या डोक्यात ‘दरख़्त’ आहे. ‘ळ’ हा आवाज उर्दूत नाही, म्हणून ‘शाळा’ची ‘शाला’ होते. हे अज्ञान नाही, हा एका भाषेच्या नियमाने दुसरी भाषा बांधण्याचा प्रामाणिक प्रयत्न आहे, आणि तो समजून घेतला तर शिकवण्याची पद्धत बदलते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. सक्ती झाली, पण उर्दू घरातल्या मुलाला नपुंसकलिंग कसं शिकवायचं, याचं प्रशिक्षण मला आजवर एकदाही मिळालेलं नाही. मग ते कुणीतरी शोधायला नको का? जे शोधायचं ते माझ्याच वर्गात, माझ्याच टेबलावरच्या वह्यांत आहे. ती वही तपासली की काम, आणि तिच्यातल्या चुकांची वर्गवारी केली की छंद! पगारपत्रकात या पदवीने एक रुपयाही वाढणार नाही, हे मला नाव नोंदवतानाच माहीत होतं.

थकव्याबद्दल आपल्याकडे फार ढिलाईने बोललं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची व्याख्या दिली. तिने त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं आहे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि तो हाताळला गेला नाही, की ती येते. तिची तीन अंगं सांगितली आहेत : शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. यातलं पहिलं सगळ्यांना दिसतं. डोळ्यांखाली काळं आलं की लोक म्हणतात, जरा आराम करा. शिक्षकाच्या बाबतीत खरं नुकसान दुसऱ्या अंगाने होतं. मन तुटलेली शिक्षिका ‘पुस्तक फाटली’वर लाल रेघ मारते आणि पुढची वही ओढते. मूल असं का लिहितंय, हा प्रश्नच तिला पडत नाही. बाहेरून तिचं काम पूर्ण दिसतं, वह्या तपासलेल्या असतात, अधिकाऱ्याला दाखवायला सह्या असतात. पण त्या मुलीला आपली चूक का झाली, ते कधीच कळत नाही. ‘पहाटे तीनला उठा’ म्हणणाऱ्यांनी या मुलीचा हिशेब कधी केलाय?

आता थोडं आपल्या माणसांशी. आपल्या समाजात इल्मची इज्जत मोठी आहे, निदान भाषणात तरी. जलशात कुणी ना कुणी चीनपर्यंत जाऊन इल्म मिळवण्याची ती प्रसिद्ध रिवायत ऐकवतोच. ती अनेक मुहद्दिसांनी कमजोर ठरवलेली आहे, पण ऐकवायला छान वाटते. त्याच जलशात रात्र रात्र जागलेल्या बुजुर्गांचे किस्से येतात आणि न झोपणं हाच जणू तालीमचा पुरावा ठरतो. पण सहीह बुखारीत आलेला सलमान फारसी आणि अबू दर्दा यांचा प्रसंग मात्र अशा ठिकाणी मी फारसा ऐकलेला नाही. अबू दर्दा दिवसभर रोजा आणि रात्रभर नमाज यांत स्वतःला झिजवत होते, घराकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पाहुणे आलेल्या सलमान यांनी त्यांना जेवायला लावलं, रात्री झोपायला लावलं आणि शेवटच्या प्रहरी दोघे मिळून उठले. माणसावर त्याच्या रबचा हक्क आहे, तसा त्याच्या जिवाचा आणि घरच्यांचाही आहे, असा त्यांच्या समजावणीचा आशय. गोष्ट पैगंबरांपर्यंत गेली तेव्हा त्यांनी सलमान यांचं म्हणणं खरं ठरवलं. जिथे इबादतीलाही शरीर झिजवायची मुभा नाही, तिथे प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाला कुठून आली?

सत्काराला आपण तयारच असतो. कुणाची पीएचडी झाली की शाल, फूल, फेटा, फलक, माशाअल्लाह. त्याआधीच्या पाच वर्षांत जमातीतल्या किती जणांनी विचारलं की मुलांना एक संध्याकाळ आमच्याकडे ठेवू का? बाईच्या बाबतीत तर प्रश्न उलटा येतो : एवढं शिकून करायचं काय? आणि हाच प्रश्न विचारणारा माणूस सत्काराच्या फोटोत पहिल्या रांगेत उभा असतो.

सरकारही मागे नाही. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २००९ मध्ये सुरू झाली तेव्हा अल्पसंख्याक समाजातल्या मुलामुलींना नोकरी न करता, पूर्णवेळ संशोधन करता येण्याची एक वाट तयार झाली होती. २०२२-२३ पासून ती बंद केली. इतर योजनांशी ती एकमेकांवर चढते, असं कारण संसदेत दिलं गेलं. ज्याच्या घरी चार-पाच वर्षं बसून खायला नाही, त्याने आता काय करायचं? नोकरी धरायची आणि रात्री अभ्यास करायचा. म्हणजे अर्धवेळ पीएचडी ही आमच्या मुलांसाठी निवड राहिलेली नाही. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर राज्यात अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे, तिथून पूर्णवेळ संशोधनासाठी भरीव अधिछात्रवृत्ती मिळावी, यासाठी आपल्या संघटनांनी मोर्च्याइतकाच जोर लावायला हवा.

आणि त्या नियमावलीतली बायकांसाठीची सवलत. पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांना वर आणखी दोन. एकूण दहा. मी ही सवलत नाकारत नाही, मला ती कदाचित लागेलही. पण तिचा अर्थ काय होतो पाहा : तुझ्या आठवड्यात आम्ही एक तासही मोकळा करणार नाही, मात्र तू हीच ओढाताण दहा वर्षं करू शकतेस. दोन वर्षांऐवजी मला आठवड्यातली एक दुपार द्या. मी सहा वर्षांतच संपवते.

या सगळ्यातून एक बाजार मात्र बरा चालतो. प्रबंध लिहून देणारे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्याला पहाटे उठावं लागत नाही, त्याला बर्नआउटही होत नाही. जो स्वतः वाचतो, स्वतः वह्या गोळा करतो, स्वतः लिहितो, तोच जळतो. माझ्या एका जुन्या सहकारी भगिनीने चौथ्या वर्षी नोंदणी रद्द केली. दक्खनी आणि मराठीच्या नात्यावर तिने जमवलेली टिपणं दोन पिशव्यांत आहेत, तीन लिपींत लिहिलेली. तिची शिफ्ट सकाळची करा, एवढंच तिने मागितलं होतं, कारण जुन्या हस्तलिखितांचे संग्रह कार्यालयीन वेळेतच उघडे असतात, म्हणजे नेमकी शाळा भरलेली असते तेव्हा. ‘इतरांवर अन्याय होईल’ असं उत्तर आलं. तिच्या ‘ना हरकत’वर तिसरी ओळ स्वच्छ छापलेली होती.

महाराष्ट्र नागरी सेवेच्या रजा नियमांत अध्ययन रजेची तरतूद १९८१ पासून आहे. ती मागणाऱ्याकडे कार्यालयात असं पाहतात जणू त्याने टेबल-खुर्ची घरी न्यायला मागितली. तरी मागायला हवी, आणि लेखी मागायला हवी. तोंडी मागितलेल्या गोष्टीला आपल्याकडे ‘बघू’ हे एकच उत्तर असतं आणि ‘बघू’ची आवक नोंद होत नाही.

मी गेल्या महिन्यात अर्ज दिला आहे. सोबत माझ्या ना हरकत प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडली, दुसऱ्या ओळीखाली पेनने रेघ ओढली आणि तीन गोष्टी मागितल्या : गुरुवारी दुपारनंतरच्या तासिका इतर दिवशी घ्याव्यात, कोर्सवर्कचे तास ५० तासांच्या प्रशिक्षणात धरावेत, आणि यापैकी काही शक्य नसेल तर प्रमाणपत्रातली दुसरी ओळ खरी नाही, असं मला लेखी कळवावं. अर्जाला आवक क्रमांक पडला आहे. उत्तर आलेलं नाही. ज्यांच्याकडे असंच प्रमाणपत्र कपाटात पडलंय, त्यांनी ते एकदा बाहेर काढून वाचावं, आणि अर्जाचा मसुदा हवा असेल तर माझा घ्यावा.