पोचा मृत्यू : चित्रपटाने टाळलेले रहस्य

१/ ‘द रेव्हन’ (२०१२) या चित्रपटात एडगर अ‍ॅलन पो स्वतःच्याच कथांबरहुकूम हत्या करणाऱ्या खुन्याचा माग काढतो. पोच्या मृत्यूचे खापरही चित्रपट त्याच काल्पनिक खुन्यावर फोडतो.

२/ वास्तव निराळे आहे. ३ ऑक्टोबर १८४९ या निवडणुकीच्या दिवशी पो बाल्टिमोरमधील मतदानाच्या ठिकाणी विपन्नावस्थेत सापडला. अंगावर परक्याचे वाटावेत असे कपडे होते. ७ ऑक्टोबरला त्याचा रुग्णालयात मृत्यू झाला.

३/ त्या काळी गुंडांच्या टोळ्या माणसांना कोंडून, दारू पाजून, वेश पालटून पुनःपुन्हा मतदान करवीत. पो त्यांचाच बळी ठरला, हा केवळ तर्क. निर्णायक पुरावा नाही.

४/ तरीही माझ्या मते खरी रहस्यकथा इथेच होती. एकट्या विकृत खुन्याला पकडले की प्रेक्षक निश्चिंत होतो. मतपेटीभोवतीचा संघटित गुन्हा मात्र त्याला अस्वस्थ ठेवतो.