दोन कर्जत आणि एक शून्य

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. ‘ड्रॉट’ हा माझ्यासाठी जॉग्रफीच्या पुस्तकातला शब्द होता. भेगा पडलेली जमीन, मराठवाडा वगैरे. आमच्या कर्जतला कसला दुष्काळ? जुलैत छत्री उलटी होते आणि लोकल बंद पडते, एवढंच आमचं पावसाशी भांडण!

यंदा प्रोजेक्टला विषय मिळाला दुष्काळाचे निर्देशांक. कर्जतचा पाऊस शोधायला बसले तर कर्जत निघाले दोन! एक आपलं, तीन हजार मिलीमीटरच्या वर पावसाचं. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, भीमेकाठचं, जेमतेम पाचशेच्या आसपास. आपल्या शेजारी महडचा वरदविनायक, त्यांच्याकडे सिद्धटेकचा सिद्धिविनायक. गणपती दोघांना पावला, पाऊस मात्र एकालाच.

हवामान खात्याचा हिशोब सोपा आहे. सरासरीपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त तूट म्हणजे दुष्काळ. पण आपल्याकडे तेवढी तूट धरली तरी त्यांच्या चौपट पाऊस उरतो! त्यापेक्षा एसपीआय बरा. १९९३ साली अमेरिकेत मॅकी आणि सहकाऱ्यांनी तो मांडला. प्रत्येक गावाची तुलना त्याच गावाच्या जुन्या पावसाशी. शून्य म्हणजे नेहमीसारखं, उणे एकच्या खाली काळजी, उणे दोनच्या खाली कठीण. भीमेकडच्या कर्जतसाठी मी आजही हाच निवडीन. तिथे पाऊस हुकला की सगळंच हुकतं.

मग एप्रिलमध्ये एनएसएसच्या कॅम्पला खालापूर तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीत गेलो. आदला पावसाळा चांगला झालेला, एसपीआय शून्याच्या वर. आणि विहिरीच्या तळाशी उतरून एक बाई वाटीने हंडा भरत होत्या. मी शहाणपणाने विचारलं, “मावशी, यंदा पाणी कमी आहे का?”

“यंदाचं काय घेऊन बसलीस? दरसालचंच हाय.”

दरसालचंच! माझा प्रोजेक्ट तिथेच कोसळला. हे सगळे निर्देशांक ‘नेहमीपेक्षा कमी’ काय ते शोधतात. उतार उभा, कातळ पाणी धरत नाही, पाऊस उल्हास नि पाताळगंगेतून समुद्रात. विहीर दर उन्हाळ्यात आटते, म्हणजे आटणं हेच नेहमीचं, म्हणजे उत्तर शून्य! भूजलवाले विहिरीची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडतात, तिथेही तीच गत. केंद्राच्या २०१६ च्या नियमावलीतसुद्धा पहिली पायरी पावसाची. पिकं, ओल, भूजल नंतर.

उपग्रहातून हिरवळ मोजावी, तर राजनाल्याखालचं उन्हाळी भात हिरवंगार दिसतं आणि तालुक्याची सरासरी सुधारून जाते. गंमत म्हणजे ते पाणी टाटांच्या भिवपुरी वीजघरातून येतं. मूळ आंध्रा नदीचं, घाटापलीकडचं. १९२२ मध्ये वीजघर सुरू झालं. नाहीतर ते इंद्रायणीतून भीमेला मिळून सिद्धटेकवरून गेलं असतं. त्या कर्जतचं पाणी या कर्जतला आलं, आणि वाडीवर तरीही चढलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्या दोन तालुक्यांत पावसाच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना हवा. पावसाळा संपल्यापासून वाडीच्या विहिरीत पाणी किती दिवस टिकलं? नुसते दिवस. सरासरीशी तुलना नाही, उणे-अधिक नाही. मी रिपोर्टमध्ये तो टाकलाय. सर म्हणतात, याला फॉर्म्युला कुठाय? व्हायवा सोमवारी आहे.