शब्दविचार : प्रवेश आणि कबुली

जून महिना उजाडला की सुशिक्षितांच्या घरोघरी एक इंग्रजी शब्द आबालवृद्धांच्या तोंडी घोळू लागतो. तो शब्द म्हणजे ‘अ‍ॅडमिशन’ होय. चिरंजीवांस महाविद्यालयात अ‍ॅडमिशन मिळते, आजोबांस रुग्णालयात अ‍ॅडमिट करतात, नाट्यगृहाच्या दारी अ‍ॅडमिशनचे तिकीट अर्धे फाडून घेतात आणि वकीलसाहेबांचे अपील उच्च न्यायालयात अ‍ॅडमिट होते. इतक्या घरोब्याच्या शब्दाची कुळकथा एकदा नीट पाहावी, असा आमचा या अंकी मनोदय आहे.

लॅटिन भाषेत ‘मित्तेरे’ म्हणजे पाठविणे अथवा सोडणे. त्यास ‘कडे’ या अर्थाचा ‘अ‍ॅड’ हा उपसर्ग लागून ‘आत येऊ देणे’ हा अर्थ सिद्ध झाला. आपल्या ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार व संहार अशी परस्परांचे तोंड न पाहणारी भावंडे निपजली आहेत. तोच प्रकार येथेही दिसतो. वाट मोकळी करून देणारे ‘परमिट’ आणि शत्रूवर सोडावयाचे ‘मिसाइल’ ही दोन्ही त्या एकाच लॅटिन धातूची अपत्ये होत.

परंतु या शब्दाचा खरा चमत्कार पुढेच आहे. अ‍ॅडमिशन म्हणजे जसा प्रवेश, तशीच कबुली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात पक्षकाराच्या कबुलीस हेच नाव होते, आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच कायम आहे. दार उघडणे आणि दोष पदरी घेणे यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. किंचित विचार केल्यास तो उमगतो. जे सत्य आपण आजवर उंबऱ्याबाहेर तिष्ठत ठेविले होते, त्यास मनाच्या आत घेणे, हीच कबुली.

मराठीत या दोन गोष्टींस दोन निरनिराळे शब्द आहेत. प्रवेश हा ‘विश्’ धातूचा. ‘दाखल’ आला अरबीतून, आणि त्याचाही मूळ अर्थ आत शिरणे हाच. त्याच्याच कुळातील ‘दाखला’ मात्र मुलगा शाळेतून बाहेर पडताना त्याच्या हाती देतात, ही भाषेची थट्टा म्हणावयाची! ‘कबूल’ हाही शब्द अरबीच, आणि त्याचा अर्थ स्वीकार. प्रवेश देणे ही दाराची क्रिया, स्वीकार करणे ही मनाची. दोन शब्द असल्यामुळे एक क्रिया करून दुसरी टाळण्याची सोय मात्र आपणांस झाली आहे.

इंग्रज वैयाकरणही या जागी सावध आहेत. नुसत्या देहाने आत जाण्यास ते ‘अ‍ॅडमिटन्स’ म्हणतात आणि हक्काने, मानाने आत घेतले जाण्यास ‘अ‍ॅडमिशन’. हा भेद कोशातील सूक्ष्मता नव्हे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. प्रश्न केवळ देवदर्शनाचा नसून माणूस म्हणून असलेल्या हक्काचा आहे, ही त्यांची भूमिका होती. सत्याग्रह काही वर्षे चालला, पण त्या काळी दार उघडले नाही. पुढे मे १९४७ मध्ये पंढरपुरी साने गुरुजींनी प्राण पणास लावून उपोषण केले, तेव्हा विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले करण्याचे ठरले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने तर अस्पृश्यताच नष्ट केली. मंदिरात शिरण्याचा प्रश्न कायद्यापुरता मिटला. मनाने कबुली देणे मात्र कोणत्याही कलमाच्या हाती नसते, ते ज्याचे त्याने करावयाचे असते.

म्हणून हा शब्द आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लावून पाहावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे. कामास येणारी बाई आपल्या घरात प्रत्यही प्रवेश करते. भांडी तिच्या हातची चालतात, केर तिच्या हातचा चालतो, तान्हे मूलही निःशंकपणे तिच्या स्वाधीन केले जाते. तथापि तिच्या चहाचा पेला वेगळा आणि तो उपडा ठेवण्याची जागाही वेगळी, अशी घरे आजही आहेत. त्या घरात तिला अ‍ॅडमिटन्स आहे, अ‍ॅडमिशन नाही. मुलाच्या अ‍ॅडमिशनसाठी आपण जूनमध्ये किती उंबरे झिजवितो! त्याच उत्साहाने फडताळातील तो एक पेला इतर पेल्यांच्या रांगेत आणून ठेवावा. त्यास अर्ज लागत नाही, शुल्क पडत नाही आणि गुणांची टक्केवारीही कोणी विचारीत नाही.