पंचांनी निकाल देऊ नये

सामाईक विहिरीचा तंटा बैठकीत आला की पंचांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘हिस्सा कुणाचा किती?’ सातबारा निघतो, निम्मा-निम्मा हिस्सा वाचून दाखवला जातो, पंच दोन्ही भावांना दटावतात आणि बैठक उठते. महिन्याभरात पुन्हा कुणीतरी मोटारीची केबल कापलेली असते. हिश्शाबद्दल वाद नव्हताच. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री येते आणि रात्रीची बारी दरवेळी धाकट्याच्याच वाट्याला. थंडीत, बिबट्याच्या भीतीनं जीव मुठीत धरून दारं धरायला तोच जातो. ‘तुझी अडचण काय?’ असं कुणी विचारलं असतं, तर आठवड्याआड बारी बदलून प्रकरण तिथंच मिटलं असतं.

म्हणून माझा आग्रह आहे की गावातल्या मध्यस्थानं निकाल देऊ नये. त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे. मध्यस्थानं दोघांशी वेगवेगळं बोलावं, एकानं विश्वासानं सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर घालू नये आणि तोडगा त्या दोघांच्याच तोंडून येईपर्यंत धीर धरावा. २०२३च्या मध्यस्थता कायद्यातही गुप्ततेचं बंधन आहे आणि मध्यस्थाला तडजोड लादण्याची मुभा नाही.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ती मनापासून चालवली, आणि गावचं भांडण गावात मिटावं या विचाराबद्दल मला आजही आदर आहे. पण मोहिमेतला गावाचा पुरस्कार मिटवलेल्या तंट्यांवर ठरू लागला की पंचांना घाई होते. त्या घाईची किंमत बहुतेक वेळा बहीण मोजते.

वाटणीच्या बैठकीत भाऊ ओसरीवर, बहीण आत चुलीपाशी. हक्कसोडपत्र आधीच टाइप होऊन आलेलं. ‘ताई, चार एकरांपायी माहेर तोडतेस का?’ एवढं एक वाक्य पुरतं. ती सही करते आणि गावच्या तंटामुक्त समितीच्या वहीत आणखी एक तंटा मिटल्याची नोंद होते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तिनं तो समजून-उमजून सोडला तर तो तिचा निर्णय. पण भाऊ समोर नसताना तिच्याशी न बोलता, तिच्या हिश्शाची आजची किंमत तिला न सांगता जो कागद पुढं सरकवतो, त्याला मी मध्यस्थ मानत नाही. तो भावांचा माणूस. आणि नवऱ्याची मारहाण सांगायला आलेल्या बाईला तर समेटाच्या बैठकीत बसवूच नये. तिला आधी संरक्षण हवं.

नव्या मध्यस्थता कायद्यात गावपातळीवरच्या सामुदायिक मध्यस्थीसाठी तिघांच्या मंडळाची सोय आहे, त्यात स्त्रियांचा विचार करायलाही सांगितलं आहे. तंटामुक्त समिती निवडताना ग्रामसभेनं तेवढ्यावर थांबू नये. ज्याचा बांध वादातल्या शेताला लागून आहे किंवा जो एका बाजूचा सोयरा आहे, त्यानं त्या तंट्यापुरतं बाजूला व्हावं, असा ठराव करावा. आणि समितीत निदान दोघी अशा घ्याव्यात, ज्यांच्याजवळ बसून माहेरी आलेली लेक मोकळेपणी बोलू शकेल.