कॅमेरा नंतर, मंडळ आधी

छायाचित्रे काढायला कोणाला आवडत नाही? आज घरोघरी मोबाईल आहे आणि प्रत्येक मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. सहलीला गेलो, ईद आली, घरी पाहुणे आले, की आपण लगेच छायाचित्र काढतो. पण छायाचित्र काढणे वेगळे आणि छायाचित्रण शिकणे वेगळे. ही कला शिकण्यासाठी अनेक शहरांत छायाचित्रकारांची मंडळे असतात. सभासद महिन्यातून एकदोनदा जमतात, आपापली चित्रे मांडतात आणि त्यांवर चर्चा करतात.

मंडळात जा, असे मी मुलांना सांगतो, तेव्हा बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. "आधी चांगला कॅमेरा घेतो, मग सभासद होतो." माझे मत याच्या अगदी उलट आहे. आधी मंडळात जावे. कॅमेऱ्याचे नंतर बघता येते. असे मी का म्हणतो, ते माझ्याच अनुभवावरून सांगतो.

मी मालेगावात वाढलो. आमच्या मोहल्ल्यात दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट चाले. माझे मामू माग चालवत. त्यांनी कोणाकडून तरी घेतलेला एक जुना कॅमेरा मला दिला. तेव्हा फिल्मचे दिवस होते. एका रोलमध्ये ३६ चित्रे निघत. रोल विकत घ्यायला पैसे लागत, तो धुवायला पैसे लागत आणि कागदावर चित्र छापायलाही पैसे लागत. म्हणून प्रत्येक वेळी बटण दाबताना हात थरथरे.

गावातल्या मंडळाची बैठक शुक्रवारी भरे, कारण त्या दिवशी माग बंद असत. पहिल्या दिवशी मी पाच चित्रे पिशवीत घालून गेलो. टेबलावर इतरांची मोठमोठी चित्रे मांडली होती. कोणी किल्ला टिपला होता, कोणी मोसम नदीवरचा सूर्यास्त. एका सभासदाने मला विचारले, "कॅमेरा कोणता?" मी नाव सांगितले. ते हसले आणि दुसऱ्याशी बोलू लागले. मला फार वाईट वाटले. मी पिशवी उघडलीच नाही. पुन्हा इकडे यायचे नाही, असे मी मनाशी ठरवले.

निघताना दाराजवळ चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक भेटले. ते म्हणाले, "बाळ, पिशवीत काय आहे?" मी लाजत मामूंचे चित्र दाखवले. चित्र अगदी अस्पष्ट होते. सर ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "चित्र हलले आहे, हे तर खरेच. पण काय काय हलले आहे, ते नीट बघ. मागाची फणी हलली आहे. तुझे मामूही हलले आहेत. आणि मागच्या भिंतीतली खिडकीसुद्धा हलली आहे! खिडकी कधी हलते का? म्हणजे तुझा हात हलला. आता खांबाला टेकून उभा राहा. श्वास रोखून बटण दाब. फणी हलू दे. ती हललीच पाहिजे. माग चालू आहे, हे त्यावरूनच कळेल."

त्या दोन मिनिटांत मी जे शिकलो, ते मला महागड्या कॅमेऱ्याने शिकवले नसते. कारखान्यात उजेड कमी असतो. म्हणून कॅमेऱ्याचे शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. एका सेकंदाचा पंधरावा भाग हा आपल्याला क्षणभर वाटतो, पण तेवढ्यात हात सहज हलतो. हात स्थिर ठेवला, तर स्थिर वस्तू स्पष्ट येतात आणि चालती वस्तू धूसर दिसते. चूक तीच, पण तिची कारणे दोन. ती वेगळी करून दाखवणारा माणूस मला मंडळात भेटला.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जगापुढे आला. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. दोघेही व्यवसायाने डॉक्टर. त्या काळी कॅमेरा जड असे आणि काचेवर किंवा कागदावर स्वतः रसायन चढवावे लागे. अशा कठीण कामात एकमेकांची सोबत किती मोलाची ठरली असेल!

कोणी म्हणेल, "आता तर मोबाईलवरून चित्र शंभर जणांना पाठवता येते. मग मंडळ कशाला?" खरे आहे. पण ते शंभर जण 'छान' म्हणून पुढे जातात. चित्र कुठे बिघडले, हे सांगायला कोणी तरी शेजारी बसावे लागते.

नव्या सभासदाने काही गोष्टी पाळाव्यात. चांगल्या चित्राबरोबर एक फसलेले चित्रही न्यावे. शिकायला तेच उपयोगी पडते. टीका झाली, तर लगेच उत्तर देऊ नये. आधी ऐकावे. दुसऱ्याच्या चित्राबद्दल केवळ 'सुंदर' न म्हणता आपल्याला काय दिसले, ते सांगावे. कोणाचेही छायाचित्र काढण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी आणि जमल्यास एक प्रत त्याला नेऊन द्यावी. खुर्च्या मांडणे, प्रदर्शनात चित्रे टांगणे, अशी कामे आनंदाने करावीत. काम करता करता ओळखी होतात.

पण सगळी जबाबदारी नव्या सभासदावरच टाकणे योग्य नाही. जुन्या सभासदांनीही एक नियम पाळावा. नवा मुलगा किंवा नवी मुलगी आली, तर 'कॅमेरा कोणता?' हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारूच नये. 'काय आणले आहे?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने गरीब मूल खाली मान घालते, दुसऱ्याने ते पिशवी उघडते.

तुमच्या गावात मंडळ नसेल, तर शाळेत सुरू करा. पाच मित्र, एक मोबाईल आणि आठवड्यातला एक तास एवढे भांडवल पुरे आहे.

मी पुढच्या शनिवारी कारखान्यात गेलो. खांबाला टेकलो आणि श्वास रोखला. मामू धागा तपासत क्षणभर स्थिर उभे होते. चित्रात त्यांचा चेहरा स्पष्ट आला आणि शेजारच्या मागाची फणी धूसर झाली. आज मामू नाहीत आणि तो कारखानाही राहिला नाही. मामूंचे काम करतानाचे तेवढे एकच चित्र आमच्या घरात आहे. त्या शुक्रवारी मी पिशवी न उघडताच घरी गेलो असतो, तर तेही नसते.