तरटावरची चित्रे

भरतकामाला आपल्याकडे कला म्हणत नाहीत, हौस म्हणतात. मुलगी दाखवताना ‘स्वयंपाक, शिवण, भरतकाम सगळे येते’ हे वाक्य पूर्वी ठरलेलेच असे. तिने भरलेले दोन राघू चौकटीत घालून बैठकीत टांगलेले असत, पाहुण्यांची नजर तिकडे वळेल अशा बेताने. लग्न झाले की तीच सुई शाळेच्या गणवेशाच्या उसवलेल्या खिशांकडे वळे. त्यातूनही ज्या बायका भरत राहिल्या, त्यांच्या कामाला आपण ‘वेळ बरा जातो’ एवढेच प्रशस्तिपत्र दिले. मला ते फार अपुरे वाटते.

चिली देशातल्या व्हिओलेता पार्रा या बाईंचा वेळही असाच जायला हवा होता. 1917 साली, गरीब घरात त्यांचा जन्म झाला. पुढे गावोगाव हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडची लोकगीते त्यांनी गोळा केली आणि गायिका म्हणून नाव मिळवले. 1960 च्या सुमारास कावीळीने त्यांना अंथरुणाला खिळवले. गाणे बंद, हिंडणे बंद. हाताशी होती थोडी लोकर आणि कापडाचा तुकडा. त्यांनी फूल भरायला घेतले. ते काही जमेना, झाली एक बाटली! मग बाटलीचे बूच त्यांना डोक्यासारखे दिसू लागले. त्याला डोळे दिले, नाक दिले, तोंड दिले आणि बाटलीचा माणूस झाला. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे.

पुढची चित्रे तरटावर, जाड्याभरड्या कापडावर, लोकरीने भरलेली. आधी काही रेखाटलेले नसे. सुई जाईल तशी रेषा. गावच्या जत्रा, सर्कस, लढाया, माणसांपेक्षा मोठी पाखरे. युद्धाच्या विरोधात भरलेल्या एका चित्रात माणसांच्या अंगातून फुले उगवली आहेत आणि शेजारी बंदूक आहे. त्यातली जांभळी बाई म्हणजे त्या स्वतः, कारण नावच व्हिओलेता! 1964 साली पॅरिसमध्ये, लूव्रच्या वास्तूत असलेल्या सजावटी कलांच्या संग्रहालयात या कामाचे प्रदर्शन भरले. ज्या बाईने चित्रकलेच्या शाळेचे तोंड पाहिले नव्हते, तिचे तरट तिथे भिंतीवर लागले. 1967 साली, पन्नाशीही न गाठता, त्या गेल्या.

मी ही चित्रे पुस्तकात पाहिली आणि मला थेट दोंडाईच्याची आत्या आठवली. दोंडाईचा म्हणजे मिरचीचे गाव. हंगामात सुरत–भुसावळ गाडीतून उतरले की स्टेशनापासूनच शिंका सुरू. मिरचीची रिकामी पोती घरोघर पडलेली. आत्या त्यातले बरे तरट निवडायची, तीनचार पाण्यांतून काढायची, कडक उन्हात वाळवायची. नाहीतर भरताना बोटांची आग व्हायची. लोकर उसवलेल्या स्वेटरची. नमुन्याचे पुस्तक तिच्याकडे कधीच नव्हते.

तरटावर भरायचे म्हणजे मोजून भरायचे. आडवा-उभा धागा जिथे एकमेकांना छेदतो, त्या घरावर एक तिरपा टाका. अर्धी फुलीच म्हणा. त्यामुळे गोलाई येत नाही, पायऱ्या येतात. मोराची मान वळवायची तर पायरी-पायरीनेच वळवावी लागते. आत्याने एकदा दोंडाईच्याला थांबलेली आगगाडी भरली. डबे चौकोनी, ते सोपे. पण इंजिनाचा धूर? पांढऱ्या स्वेटरचा धागा तिने काळ्या धाग्याबरोबर एकाच सुईत ओवला आणि वर जाता जाता काळा काढून घेतला. धूर खरोखर विरत गेला. हे तिला कोणी शिकवले नव्हते. अशा वेळी जे डोके चालते, त्याला मी चित्रकाराचेच डोके म्हणतो. (तिच्या सासूबाई मात्र चित्र उलटे करून मागच्या गाठी तपासायच्या. समीक्षक सगळीकडे असतात!)

मी कौतुक केले की आत्या म्हणे, “त्यामा काय शे, भाऊ?” आणि घरच्यांनीही तिचे हे म्हणणे जरा जास्तच खरे धरले. जुने घर पाडून स्लॅबचे बांधायला काढले, तेव्हा आगगाडी सिमेंटच्या पोत्यांवर झाकायला गेली. पावसाने लोकर कुजली. मोर तेवढा राहिला आहे.

याच खानदेशात बहिणाबाई चौधरी होऊन गेल्या. अक्षरओळख नाही, तरी शेतात आणि जात्यावर ओव्या रचणाऱ्या. 1951 साली त्या गेल्या आणि 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. कारण घरात सोपानदेवांसारखा कवी मुलगा होता, ती टिपून ठेवलेली होती, आणि आचार्य अत्र्यांनी वाचताच ती छापायचा आग्रह धरला. टिपणारे कोणी नसते तर आज आपल्याकडे काय उरले असते? शब्दाला निदान दुसऱ्याच्या तोंडी राहण्याची सोय असते. टाक्याला ती नाही. कापड गेले की सारे गेले. कापड राहिले तरी नाव राहतेच असे नाही. फ्रान्समधले बायोचे सुमारे 70 मीटर लांबीचे भरतकाम नऊशेहून अधिक वर्षे टिकले, 1066 च्या लढाईतल्या राजांची नावे त्यावर धाग्याने लिहिलेली आहेत. भरणाऱ्या हातांचे एकही नाव नाही.

आत्याच्या मोरावरही नाव नव्हते. गेल्या दिवाळीत ते काम उरकले. तुमच्याही घरी असे एखादे तरट, मॅटीवरची फुली किंवा आजीची रुमालपट्टी असेल तर पद्धत सांगून ठेवतो. शाई थेट कापडावर लावू नये, ती फुटते. सुती फितीच्या तुकड्यावर नाव, गाव आणि वर्ष लिहावे, आणि ती फीत मागच्या बाजूला चार टाक्यांनी टाचावी. लोकर घडी घालून ठेवू नये, घडीवर तुटते. सुती धोतराच्या कापडात गुंडाळी करावी आणि वर्षातून दोनदा सावलीत वारा द्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. वर्ष नक्की आठवत नसेल तर मोठ्या मुलाच्या जन्माआधीचे की नंतरचे, एवढे विचारावे. आत्याने तेवढ्यावरून दोन मिनिटांत सांगितले.