फलकावर दोन तारखा आहेत, मधलं काय?

मंडळी, बसस्टँडकडून बाजारपेठेत येणाऱ्या रस्त्यावरचा तो निळा फलक तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. कामाचं नाव, निधी कुठला, मंजूर रक्कम, ठेकेदाराचं नाव, काम सुरू झाल्याची तारीख आणि संपण्याची तारीख. सुरू झालं गेल्या वर्षी फेब्रुवारीत. संपायचं होतं ३१ ऑगस्टला. त्याला आता सात महिने झाले. फलकावर कुणीतरी मंगल कार्यालयाची जाहिरात चिकटवलीय, आणि खरं सांगायचं तर आता त्या फलकापेक्षा जाहिरातच जास्त खरी आहे.

या रस्त्यावर मी स्वतः चार बातम्या केल्या. 'काम संथगतीने', 'नागरिक त्रस्त', 'व्यापाऱ्यांचा आंदोलनाचा इशारा' आणि पुन्हा एकदा 'काम संथगतीने'. वीस वर्षं या धंद्यात आहे, हे मथळे झोपेतही लावता येतात. प्रत्येक वेळी साहेबांना एकच प्रश्न विचारला, "काम कधी संपणार?" प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळालं, "लवकरच." गेल्या महिन्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला की जेवढं ते उत्तर फालतू होतं, तेवढाच माझा प्रश्नही.

झालं असं की साहेब मीटिंगमध्ये होते, म्हणून मी एका तरुण कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलाशी बसलो. त्याच्या कॉम्प्युटरवर आडव्या रंगीत पट्ट्यांचा एक तक्ता उघडा होता. विचारलं, हा काय प्रकार? म्हणाला, "सर, गँट चार्ट. आपल्याच रस्त्याचा आहे. टेंडरच्या अटीप्रमाणे ठेकेदाराला कामाचा कार्यक्रम द्यावा लागतो, तो हा."

आम्ही वर्षभर ज्याच्यासाठी बोंब मारत होतो ते उत्तर तिथं फाइलमध्ये पडून होतं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात रॉकेट सायन्स काही नाही. घर बांधलेल्या माणसाला हा तक्ता तोंडपाठ असतो, फक्त त्याचं नाव माहीत नसतं. पाया, कॉलम, सेंटरिंग, स्लॅब, मग पाणी मारणं, मग प्लास्टर, मग रंग. डावीकडे एकाखाली एक ही कामं लिहायची. वर आडवे आठवडे मांडायचे. जे काम ज्या आठवड्यात सुरू होऊन ज्या आठवड्यात संपणार, तेवढी पट्टी ओढायची. काही पट्ट्या एकाच वेळी चालू शकतात, वायरिंगवाला आणि प्लंबर एकमेकांसाठी अडून बसत नाहीत. पण स्लॅबच्या आधी प्लास्टर होत नाही. कुठलं काम कुणासाठी थांबलंय, हे एका कागदावर दिसतं.

हेन्री गँट नावाचा अमेरिकन अभियंता होता, १८६१ चा जन्म. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत आणि जहाजबांधणीत त्याचे तक्ते वापरले गेले. त्याचा सगळा भर एका गोष्टीवर होता. ठरलं होतं किती आणि झालं किती, हे शेजारी शेजारी दिसलं पाहिजे. म्हणजे रेघा दोन. एक ठरवलेल्याची, दुसरी झालेल्याची.

मी त्या पोराला विचारलं, "दुसरी रेघ कुठाय?"

तो जरा हसला. म्हणाला, "सर, ती कुणी भरत नाही. तक्ता फाइलला लागतो, म्हणून लावलेला आहे."

मग आम्ही दोघांनीच पत्रव्यवहाराच्या तारखा बघत ती रेघ भरली. अर्ध्या तासाचं काम होतं. आणि रस्ता कुठं अडला ते लख्ख दिसलं. रस्त्यात येणारे विजेचे खांब हलवायचे होते. खांब हलल्याशिवाय पाण्याची नवी लाइन टाकता येत नव्हती. लाइन टाकून तिची चाचणी झाल्याशिवाय काँक्रीट ओतता येत नव्हतं. नाहीतर नवा रस्ता पुन्हा फोडावा लागला असता, आणि ते आपण मागच्या गल्लीत भोगलंय. खांब हलवण्यासाठी वीज कंपनीला पत्र जायला हवं होतं फेब्रुवारीत. ते गेलं मे महिन्यात. खांब हलेपर्यंत पाऊस आला, चरात पाणी भरलं, आणि पुढचं सगळं एकामागोमाग घसरत गेलं.

एक पत्र. तीन महिने ते कुणाच्या तरी टेबलावर सहीसाठी पडून होतं. आणि आम्ही बातमीत ठेकेदाराला झोडत होतो. तो काही धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणत नाही, पण या तीन महिन्यांत त्याचा दोष नव्हता.

आता कुणी म्हणेल, कळून काय उपयोग, उशीर तर झालाच. उपयोग सांगतो. त्याच रस्त्यावर एका किराणा दुकानदाराने जुलैमध्ये पतसंस्थेतून कर्ज काढून दिवाळीचा माल भरला. का? तर फलकावर ३१ ऑगस्ट लिहिलं होतं. ऑगस्टअखेर रस्ता झाला तर दसरा-दिवाळीला गिऱ्हाईक येणार, हा त्याचा साधा हिशोब. दिवाळीत दुकानासमोर चर होता, चरावर फळी होती, आणि त्या फळीवरून तेलाचा डबा घेऊन कोण जाणार? माल अंगावर पडला. हप्ता आजही चालू आहे. मला म्हणाला, "दादा, तारीख सरकारी फलकावर होती म्हणून विश्वास ठेवला."

ही तारीख चुकणार हे एप्रिलमध्येच दिसत होतं. खांबांची पट्टी सुरूच झाली नव्हती. तो तक्ता दोन्ही रेघांसकट त्या निळ्या फलकाशेजारी लावलेला असता, तर या माणसाने कर्ज काढलं नसतं. शाळेच्या रिक्षावाल्यांनी वेळेत दुसरा रस्ता ठरवला असता. आपल्याला वाटतं की नियोजन हा ऑफिसातला विषय आहे. चुकलेल्या नियोजनाचे हप्ते मात्र लोक भरतात.

आता दुसरी बाजू. एका जुन्या अभियंत्याला हे सांगितलं तर ते म्हणाले, "तक्ता काय रस्ता बांधतो का?" बरोबर आहे, नाही बांधत. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्याच्या तारखा किती वेळा बदलल्या हे गणपतीला कोकणात जाणाऱ्या कुणालाही विचारा. तिथं तक्ते नसतील का? असणारच. आणि तक्त्यातली चलाखीही मला आता कळलीय. मुदतवाढ मिळाली की नवा तक्ता काढायचा, जुना फेकायचा. नव्या तक्त्यात सगळं वेळेवर! म्हणून मूळ रेघ पुसायची नाही, हा पहिला नियम हवा.

उशीर कुठंच होऊ नये असंही माझं म्हणणं नाही. कोकण रेल्वेचंच बघा. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, आणि पूर्ण मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला. ठरल्यापेक्षा उशीर झाला. पण पेडण्याच्या बोगद्यात माती ढासळत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. ई. श्रीधरन यांनी कामांच्या ठिकाणी उलटे दिवस मोजणारी घड्याळं लावायची पद्धत ठेवली होती. किती दिवस उरलेत हे साहेबापासून मजुरापर्यंत सगळ्यांना दिसायचं. उशीर कुठे आणि कशामुळे होतोय हे उघड असेल तर लोक समजून घेतात. आपल्याकडे नुसतं 'तांत्रिक अडचण' म्हणतात, किंवा 'आचारसंहिता होती' म्हणतात. जागेवर प्रत्यक्ष सुरू झालेलं काम आचारसंहितेत थांबवावं लागत नाही, हे त्यांनाही माहीत असतं.

माझी मागणी तीन ओळींची आहे.

१. मोठ्या कामाच्या प्रत्येक फलकाशेजारी मराठीत कामाचा तक्ता लावा. ठरलेली पट्टी आणि झालेली पट्टी, दोन रंगांत. दर पंधरा दिवसांनी भरा. फ्लेक्स आणि मार्कर पेन, एवढाच खर्च. वाढदिवसाच्या फ्लेक्सला आपल्याकडे कधी पैसे कमी पडलेत?

२. पट्टी मागे पडली तर शेजारी कारण लिहा, आणि कुठल्या विभागाकडे अडलंय तेही लिहा.

३. मुदतवाढ दिली तरी मूळ तारीख फलकावर राहू द्या.

यात प्रामाणिक ठेकेदाराचा फायदा आहे आणि प्रामाणिक अभियंत्याचाही. मार तेच खातात, कारण ते समोर असतात. पत्र दाबून बसलेला टेबलामागे असतो.

आणि आपण काय करायचं? माहिती अधिकाराचा अर्ज करायचा, १० रुपयांचा. तीन गोष्टी मागायच्या: कार्यारंभ आदेश, ठेकेदाराने दिलेला कामाचा कार्यक्रम, आणि मुदतवाढीचे सगळे प्रस्ताव कारणांसकट. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शिवाय २००५ च्या या कायद्यात कामाची आणि कागदपत्रांची पाहणी करण्याचा हक्कही आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कागद हातात आले की वहीच्या पानावर दोन रेघा ओढायच्या. दहावी झालेल्या पोरालाही जमेल.

मीही माझं ठरवलंय. यापुढे 'काम संथगतीने' हा मथळा लावणार नाही. कुठल्या कामाची कुठली पट्टी किती दिवस मागे आहे आणि ती कुणाच्या टेबलावर अडलीय, एवढंच लिहिणार. सुरुवात तलावाशेजारच्या नव्या पाण्याच्या टाकीपासून. अर्ज सोमवारी टाकतोय, तक्ता मिळाला की इथंच लावतो.

तुमच्या गल्लीत कुठलं काम अडलंय, फलकावर काय तारीख आहे, खाली लिहा. फोटो असेल तर उत्तम. पटलं तर पुढे पाठवा, नाही पटलं तर का नाही ते सांगा. भांडू, पण यावेळी तारखा हातात घेऊन.